कोपराखालची गादी

"पाणी काढून टाका ना, दादा. डॉक्टर नुसतं गादी घाला म्हणतात. मलाच गादी नाही, ह्याला कुठली घालू?"

गोदामाचा वॉचमन जनावरांच्या दवाखान्यात उकिडवा बसला होता. शेजारी त्याचा वासराएवढा कुत्रा. सिमेंटवर जड अंग टाकून टाकून त्याच्या कोपरावर संत्र्याएवढी गाठ आली होती. आत नुसतं पाणी. दुखत नव्हती.

डॉक्टर जेवायला गेले होते. जाताना कंपाउंडरला बजावून गेले होते, "सुई लावायची नाही. खाली मऊ अंथरूण दिलं की जिरेल."

"शेठ म्हणतो, सोमवारपर्यंत गाठ गेली नाही तर कुत्रा हाकल."

शेठच्या गाडीला मऊ सीटं होती, ते असो. कंपाउंडरचंही खरं सांगायला हवं. बावीस वर्षं हात त्याचे आणि नाव डॉक्टरचं. ते त्याला सलत होतं.

"तोंड धर," तो म्हणाला.

पिवळसर पाणी निघालं. कोपर सपाट झालं.

"तुम्हीच खरे डॉक्टर," वॉचमन म्हणाला.

ह्या तीन शब्दांवर कंपाउंडर आठवडाभर ताठ चालला. गाठ पुन्हा भरली, त्याने पुन्हा उपसली. तिसऱ्या खेपेला सुईतून पू आला.

मग दहा दिवस कुत्र्याने पाय टेकला नाही. शेवटी वॉचमनने त्याला हातगाडीवर घालून आणलं. खाली गादी होती. गोणपाटात जुने शर्ट भरून, सुतळीने शिवलेली.

डॉक्टरांनी सांधा चाचपला, ताप बघितला. "विष अंगभर पसरलंय. आता सोडवायचंच त्याला. सुई कुणी लावली?"

कंपाउंडर कपाटातल्या बाटल्या सरळ करू लागला.

"मीच," वॉचमन म्हणाला. "घरी."

"अक्कल गहाण टाकली होतीस काय?"

वॉचमनने मान खाली घातली. कंपाउंडरकडे त्याने पाहिलंही नाही. शेवटचं इंजेक्शन कंपाउंडरनेच भरून दिलं.

हातगाडी दारापर्यंत ढकलताना तो कसाबसा बोलला, "तू कशाला घेतलंस अंगावर?"

"मागे मी लागलो होतो, दादा. पण तुम्ही तेव्हा एकदा दटावलं असतं ना, तर ही गादी तेव्हाच शिवली असती. एक दुपार लागली फक्त." त्याने गादी काढून कंपाउंडरच्या हातात दिली. "राहू दे इथं. कुणाचं मोठं जनावर आलं तर."

कंपाउंडरने ती फरशीवर अंथरली. मध्ये कोपराएवढा खळगा पडला होता. त्याने दोनदा थोपटला. भरला नाही.