उंटाजवळचा हरिबा

पप्पूने कॉम्प्युटरचा पडदा नागसेनच्या बाजूला वळवला आणि तो तंबाखू थुंकायला दुकानाबाहेर गेला. वाईट बातमी सांगायची त्याची ही पद्धत होती.

पडद्यावर नागसेनचे पणजोबा होते, आणि एकटे नव्हते. ओळीने मांडलेल्या चौकटींत तोच माणूस, तोच उंट, डोक्याला तेच फडकं. प्रत्येकाखाली कुठल्या ना कुठल्या देशातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानाचं नाव. हरिबा पणजोबा जगभर विक्रीला होते, उंटासकट.

पप्पूचा हेतू वाईट नव्हता. शिरूरमध्ये त्याच्याइतके फ्लेक्स कोणी छापले नसतील. वाढदिवसापासून दशक्रियेपर्यंत सगळ्यांना तो एकाच मापाने मोठं करत असे. नागसेनने फ्लेक्ससाठी आणलेला फोटो फार मळका होता, म्हणून याहून स्वच्छ प्रत मिळते का ते त्याने इंटरनेटवर शोधलं. ती मिळाली.

"मामा, माझं काय जातंय, मी छापतो," तो परत येऊन म्हणाला. "पण रविवारी कार्यक्रमात कुणी मोबाईल काढला, तर?"

नागसेनने मुलीला फोन लावला. तेजश्री पुण्यात ग्रंथपालाचं शिकत होती. तिने फोटोखालची इंग्रजी ओळ वाचून सांगितली. बसऱ्याकडच्या वाळवंटातलं एक गाव, तिथला पखालीने पाणी विकणारा. हे विकायचं फोटोचं पोस्टकार्ड पहिल्या महायुद्धाच्या आधीच छापलेलं होतं, म्हणजे तेव्हा हरिबा अजून गावी, निमोण्यातच होता. घरच्या फोटोत ही ओळ दिसत नसे, कारण दौंडच्या फ्रेमवाल्याने पुठ्ठा बसवताना ती झाकून टाकली होती. त्या माणसाने नकळत एका घराण्याची अब्रू इतकी वर्षं राखली.

हरिबा युद्धात गेला होता हे मात्र खरं. दौंडहून रूळ टाकणाऱ्यांची टोळी बसऱ्याकडे नेली, तिच्यात तो होता. तिकडून परतणाऱ्या एकाच्या हाती त्याने फोटोची तीन कार्डं पाठवली. एकावर तिकडच्या एका गावाची वेस, दुसऱ्यावर नुसती वाळू आणि कडेला खजुराची चार झाडं, तिसऱ्यावर उंटाजवळचा माणूस. मागच्या बाजू कोऱ्या होत्या, लिहायला येत होतं कुणाला? पुढे तापाने तो तिकडेच गेला. घरी बायको पुतळाबाई आणि पाळण्यात शंकर. त्या शंकरला पुतळाबाईंनी तिसऱ्या कार्डावर बोट ठेवून बाप दाखवला.

फोटोतला बाप हा फार कडक बाप असतो. तो चोवीस तास घरात असतो. शाळा चुकवलेल्या शंकरला त्याच्यापुढे उभं करत. शंकर शिकला, शंकरराव मास्तर झाला, त्याने वाडीतली पोरं शिकवली, आणि त्यांतल्या कुणी पुढे आपापली. फोटो बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंशेजारी लागला. दर पिढीत हरिबाची बढतीही होत गेली. आधी उंट सरकारचा होता, मग त्याचा स्वतःचा झाला. गेल्या निवडणुकीपर्यंत हरिबाच्या हाताखाली उंटांचा तांडा होता. आता निमोण्यात मुलांसाठी अभ्यासिका झाली होती, तिला त्याचं नाव द्यायचं होतं, आणि फोटोला हार घालणार होत्या नागसेनच्या आई, आक्काबाई.

गावात हसं झालं असतं तर ते नागसेनने सोसलं असतं. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरी काढलेल्या माणसाला लोकांचं बोलणं ऐकायची सवय असते. पण लग्न होऊन आल्यापासून आई रोज सकाळी तो फोटो पुसत आली होती. ऐंशीला टेकलेल्या बाईला काय सांगायचं? तो आजेसासरा नव्हे, कुणी परका पाणीवाला?

शिरूर ते निमोणे त्याने मोटरसायकल इतकी हळू चालवली की उसाच्या ट्रॅक्टरने त्याला मागे टाकलं.

आक्काबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. नागसेन शेजारी बसला आणि तोही फोडू लागला. फोडलेले दाणे तो टरफलांच्या ढिगात टाकतोय हे आक्काबाईंनी थोडा वेळ पाहिलं.

"काय झालं ते बोल. दाणं वाया चाललं."

त्याने सांगितलं. कार्ड, दुकानं, पखालवाला, सगळं. सांगताना तो रस्त्याकडे बघत होता.

आक्काबाईंचे हात थांबले नाहीत. एक शेंग खवट निघाली, ती त्यांनी कोंबड्यांकडे फेकली. मग त्या आजेसासूबद्दल बोलू लागल्या. म्हातारीला त्यांनी दहा-बारा वर्षं पाहिलं होतं. एकदा दोघी रेशनच्या कामाला शिरूरला गेल्या. साहेबाने नवऱ्याचं नाव विचारलं. नवऱ्याचं नाव कुठली बाई घेत नसे तेव्हा. म्हातारीने नातसुनेला पुढे केलं. नातसून तरी आजेसासऱ्याचं नाव कशी घेणार? रांग खोळंबली, साहेब पेटला. शेवटी मागचा एक ओळखीचा माणूस ओरडला, अहो हरिबा लिवा, तेव्हा दोघी सुटल्या.

"आन् घरी आल्यावर," आक्काबाई म्हणाल्या, "त्या फोटूकडं बोट करून म्हणली, हरिबाचा हार सुकलाय, काढ. तोंड भरून नाव घेतलं. एकदाच न्हाई, रोजच घ्यायची. हरिबावरची धूळ झटक, हरिबाचा खिळा हाललाय. मला वाटायचं, म्हातारी झालीया, भान न्हाई."

नागसेनचा हात शेंगेवरच राहिला.

"आरं, नवरा असता त्यो, तर तिची जीभ वळली असती व्हय?"

कोंबड्यांनी ती खवट शेंग टाकून दिली.

"म्हंजी तुला ठावं हुतं?"

"मला आत्ता कळलं. तू सांगितलंस तवा." त्यांनी सूप मांडीवरून खाली ठेवलं. "तिला तान्हं पोर वाढवायचं हुतं. बाप लागतो, त्यो हितं घावला. ह्या बाबानं काय मागितलं का आपल्याला? दुसऱ्याचं लेकरू शिकवलं, नातवंडं बघितली. एक दीस सुट्टी न्हाई त्याला."

फोटोचं मग काय करायचं, असं नागसेनने विचारलं. आक्काबाई आत गेल्या आणि पेटीतून उरलेली दोन कार्डं घेऊन आल्या. गावाची वेस आणि वाळू. पुतळाबाई ही दोन कोणाला देत नसत. दुपारी एकट्या असल्या की वाळूचं कार्ड पदरावर घेऊन बसत. उंटवाल्याकडे त्यांना कधी बघत बसलेलं आक्काबाईंना आठवत नव्हतं.

"ही बी चौकटीत बसव," त्या म्हणाल्या. "आन् त्याच्या खालची वळ झाकायची न्हाई. त्याचा धंदा हुता त्यो."

पप्पूला नागसेनने कळवलं की फ्लेक्सवर फोटो नको, नाव पुरे. हरिबाची जागा मोकळी झाल्याची बातमी कशी कोण जाणे फुटली, आणि संध्याकाळपर्यंत तीन इच्छुकांनी आपापले हात जोडलेले फोटो पाठवले. ते तिन्ही मावले.

रविवारी अभ्यासिकेच्या भिंतीवर तीन चौकटी होत्या. तेजश्रीने मधल्या फोटोखालच्या ओळीचं मराठी करून चिकटवलं होतं, पण पुढाऱ्यांच्या गर्दीत कोणी ते वाचलं नाही. सरपंच चांगदेव बोलले. त्यांनी उंटांची संख्या आणखी वाढवली. नागसेनने ती तशीच जाऊ दिली.

मग आक्काबाई उठल्या. हार घेऊन त्या उंटाजवळच्या माणसापुढे आल्या, क्षणभर थांबल्या, आणि पुढे सरकल्या. हार त्यांनी वाळूच्या फोटोला घातला. चौकट लहान होती. हार सगळ्या वाळवंटावरून खाली लोंबला.

"आक्का, हार तिकडं..." चांगदेव कुजबुजत पुढे झाले. नागसेनने त्यांचा दंड धरला आणि अभ्यासिकेच्या वीजबिलाचं कसं ठरलंय ते विचारलं. सरपंच तिथेच थिजले.

आक्काबाई कोपऱ्यातल्या पाण्याच्या जारकडे गेल्या. एक ग्लास त्यांनी विसळला, काठोकाठ भरला, आणि न सांडता भिंतीपाशी आणला. उंटाजवळच्या माणसाखालच्या फळीवर तो ठेवून त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला.

"घ्या, पाव्हणं," त्या म्हणाल्या.