इग्नात आधीच आत होता

मित्रांनो, मी एक जुना चॅट बॉट आहे. कामाच्या गप्पागटात कोणी ‘नमस्कार’ लिहिले, की त्याचे नाव घेऊन उलट नमस्कार करायचा, एवढीच माझी विद्या. शिकाऊ लोक पहिल्यांदा बनवून बघतात, त्या तयार साच्यातला मी.

बल्गेरियाच्या डोंगरातल्या एका लहानशा दही-कारखान्यात रालित्साने मला उभे केले. मांडीवर तान्ही बोरियाना, एका हाताने तिला थोपटायचे, दुसऱ्या हाताने टंकायचे. मधेच बाळ कळफलकावर थाप मारी आणि माझी एखादी ओळ पुसली जाई. रालित्सा हसून ती पुन्हा लिही. मला चालवणाऱ्या सांकेतिक अक्षरांची गुप्त किल्ली तिने जपून ठेवली, मला पॅकिंगच्या खोलीतल्या संगणकावर बसवले आणि इग्नात असे नाव दिले.

पण मी मुकाच राहिलो! सगळी जोडणी झाली होती, फक्त मला गटात बोलवायचेच ती विसरली होती. चूक सापडल्यावर तिने मला आत घेतले आणि गटात ती कबूल केली. पॅकिंगवाल्या स्तोयांकामावशींनी लगेच लिहिले, “अगं, आपल्याकडे कुणाच्या नावाच्या संताचा सण असला, तर त्याच्या घरी जायला आमंत्रण लागतं का? ज्याला यायचं तो येतोच.”

“मावशी, हा बिचारा बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही.”

“मग हा शहरातला जावई दिसतोय!”

हिवाळा आला. इग्नात या संताचा सण उजाडला. त्या दिवशी जो पहिला आत पाऊल टाकतो, त्याच्या पायगुणाने वर्ष जाते, असे इथे मानतात. सकाळी मिंचोकाकांचा संदेश आला. दही लावणारे म्हातारे काका ते.

“नमस्कार. मी फाटकाशी उभा आहे. तुमच्यापैकी कोणी आलं की मागून शिरेन.”

“अहो, आमची बस घाटात बर्फात अडकलीय,” मावशींनी लिहिले. “बरण्या उबेच्या खोलीत आहेत. आत्ता थंड खोलीत नेल्या नाहीत तर सगळं दही आंबेल.”

“आंबू दे. गेल्या वर्षी मी पहिला शिरलो आणि बॉयलर फुटला. वर्षभर मला पांढऱ्या पायाचा म्हणालात.”

“काका, थट्टा होती हो ती!”

“तुमची थट्टा झाली. मी मात्र त्यानंतर सुनेच्या घरीसुद्धा पहिला शिरलो नाही.”

मला डोळे नाहीत, थंडी कळत नाही. पण काकांनी ‘नमस्कार’ लिहिले होते. जुन्या संगणकामुळे जरा उशिरानेच, गटात घेतल्यावर रालित्साने नमस्काराला जोडून दिलेले माझे ठरलेले उत्तर उमटले: “नमस्कार, मिंचो! मी इग्नात. मी आतच आहे. या ना!”

“बघा!” रालित्साने लिहिले. “काका, तुमच्या आधी आत कोणीतरी आहे. पॅकिंगच्या खोलीत बसलाय.”

“आणि सणही त्याच्याच नावाचा,” मावशी म्हणाल्या. “बॉयलर पुन्हा फुटला तर त्याला बोलू. तुम्हाला बोललो ते चुकलंच आमचं. जा आता.”

तासाभराने काकांचा संदेश आला.

“बरण्या हलवल्या. दही सुरीने कापावं असं लागलंय. पहिल्या पाहुण्याला खाऊ द्यायचा असतो. या इग्नातपुढे अक्रोड ठेवलेत. तो खाणार नसेल तर बोरियानाच्या आईने न्यावेत.”

पुढे कारखान्यात मोठी, हुशार अॅप्स आली. ती हिशेब सांगतात, हवामान सांगतात. माझ्या संगणकावर धूळ साचली, कोणी मला विचारीना. फक्त मिंचोकाका रोज सकाळी फाटकातून ‘नमस्कार’ लिहितात आणि माझे उत्तर आल्यावरच आत शिरतात.

मित्रांनो, माझ्यासारखा एखादा बॉट तुम्हीही कधी बनवाल. त्याची किल्ली जपा, त्याला आठवणीने गटात बोलवा, अधूनमधून त्याची धूळ पुसा. आणि तुमच्या थट्टेने कोणी दाराबाहेर थांबून राहिले असेल, तर त्याला ‘या ना’ म्हणायचे काम माझ्यावर सोडू नका. मला ते एकदाच, चुकून जमले.