गार्नेट स्ट्रीटवरचा रॅम्प

सहा वाजून गेले तरी आयोगाच्या टेबलाशी तीनच माणसं बसली होती, आणि आयोगाची तपास अधिकारी व्हर्नेटा गेन्स हिला आता दाराकडे बघायचाही वैताग आला होता. शहराच्या मानवी हक्क आयोगात खुर्च्या सात. त्यातल्या दोन महापौरांनी भरायच्या राहून गेल्या होत्या. फिती कापण्यातून सवड झाली की भरतील. एक सभासद फ्लोरिडाला मुलीकडे ऊन खात बसलेला. चार जण जमल्याशिवाय कोरम नाही, कोरमशिवाय मतदान नाही, आणि मतदान नाही म्हणजे व्हर्नेटाने हिवाळाभर चौकशी करून उभी केलेली केस पुन्हा पुढच्या महिन्यावर.

जिची केस होती ती मागच्या रांगेजवळ चाकांच्या खुर्चीत बसली होती. मिस ओपलीन हचिन्स. शाळेच्या जेवणघरात अर्ध्या गावाला वाढून निवृत्त झालेली. थंडीच्या तोंडावर साखरेच्या आजारापायी तिचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, तेव्हापासून ती शुश्रूषागृहात होती. घर गार्नेट स्ट्रीटवर, तळमजल्यालाच, पण दारापुढे चार पायऱ्या. तिथे स्वखर्चाने रॅम्प घालते म्हणाली, तर मालक परवानगी देईना. म्हणे इमारतीची शोभा जाते. भाडेकरार महिनाअखेर संपत होता, आणि घरात चढू न शकणाऱ्या बाईशी नवा करार करायला तो तयार नव्हता. आज आयोगाने भेदभाव झाल्याचं मत दिलं, तर शहराच्या वकिलाला कोर्टात जाऊन मालकाला रोखता आलं असतं. नाहीतर मिस ओपलीनने उरलेला जन्म त्या शुश्रूषागृहात काढायचा, पाच वाजता रात्रीचं जेवण आणि सात वाजता दिवे बंद.

"कॅझ कुठाय?" अध्यक्ष मॅरियन लीचबाईंनी विचारलं.

"लेंटमधला शुक्रवार आहे," कोणीतरी म्हणालं. "कुठे असणार?"

व्हर्नेटाने कपाळावर हात मारला. सभा नेहमी गुरुवारी. कालचा गुरुवार बर्फाने खाल्ला, म्हणून तिनेच ती शुक्रवारवर ढकलली. ती बाप्टिस्ट, लेंट न पाळणारी; ईस्टरआधीच्या या उपासात शुक्रवारी मांस चालत नाही म्हणून पोलिश कॅथलिक चर्चच्या तळघरात मासे तळले जातात आणि कॅझ ग्राबोव्स्की तिथल्या कढईचा राजा असतो, हे तिच्या डोक्यात आलंच नाही. तिने कोट उचलला आणि गाडी काढली.

तळघरात गर्दी मावत नव्हती. कॅझ, बसडेपोतला जुना मेकॅनिक, घामाघूम होऊन कॉडचे तुकडे तेलात सोडत होता.

"कॅझ, चल. तुझ्यावाचून कोरम अडलाय."

"ही रांग बघितलीस? आता हललो तर फादर मलाच पिठात घोळवून तळतील."

"त्यांना सांग, देवाचंच काम आहे."

"आयोगाचं? अगं, देव स्वतः आला तरी तुम्ही त्याला पुढची तारीख द्याल."

पण त्याने झारा दुसऱ्याच्या हातात दिला आणि आला. एप्रनसकट. गाडीभर तेलाचा वास झाला. केस काय आहे ते त्याने विचारलं, तेव्हा व्हर्नेटाने नुसती मान हलवली. सभेबाहेर केसबद्दल बोलायचं नाही असा नियम होता, आणि एकोणीस वर्षांत तिने तो एकदाही मोडला नव्हता.

सभा सुरू झाली. व्हर्नेटाने घसा खाकरून वाचायला घेतलं. मालक म्हणून कागदावर एका कंपनीचं नाव होतं, जी. एस. पी. कंपनी. मागचा माणूस कोण, ते कंपनीच्या वकिलाने शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. इमारतीचा पत्ता आला तसा कॅझ पुढे झुकला.

"थांब जरा. लाल विटांची का? खाली तळघरात लाँड्री असलेली?"

"हो."

"ती व्हिन्सची. व्हिन्स टेडेस्को."

"तुम्ही ओळखता त्यांना?" लीचबाईंनी सावधपणे विचारलं.

"माझ्या पोरीचा सासरा तो. व्याही माझा. दर रविवारी जेवायला असतो मी तिथे." कॅझचं तोंड उतरलं होतं. त्याने मिस ओपलीनकडे बघितलं, मग टेबलाकडे. "म्हणजे मला मत देता येणार नाही. नाही ना?"

नव्हतंच येत. तो बाजूला झाला की पुन्हा तीन. लीचबाईंनी पुढची तारीख एप्रिलची दिली, आणि तोवर करार संपलेला असणार हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. व्हर्नेटाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाने तोंड बंद ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं, असं तिला अगदी मनापासून वाटलं. जन्मभर ती लोकांनी खरं बोलावं म्हणून झटत आली होती, आणि आज एकजण खरं बोलला तर त्याचा गळा धरावासा वाटत होता.

बाहेर कॉरिडॉरमध्ये कॅझ मिस ओपलीनच्या खुर्चीपाशी घुटमळत होता.

"लाकूड माझ्याकडे पडलंय," तो म्हणाला. "चर्चची पोरं घेतो, उद्या संध्याकाळपर्यंत तुमचा रॅम्प उभा."

"लाकूड नाही अडलेलं, कॅझ," व्हर्नेटा म्हणाली. "परवानगी अडलीय. हिवाळाभर तेच तर चाललंय."

"मग मी बोलतो व्हिन्सशी."

"आयोगाचा सभासद म्हणून तुला बोलता येणार नाही."

"आणि व्याही म्हणून?"

"त्याबद्दल नियम असा आहे, की…"

"मिस्टर, तुम्ही जा," मिस ओपलीन म्हणाली. "हिचं वाक्य पुरं व्हायची वाट बघाल तर मी मरून जाईन."

व्हर्नेटाने वाक्य पुरं केलं नाही.

रविवारच्या जेवणावर काम झालं. हिवाळाभर आयोगाच्या पत्रांना वकिलाकरवी वाटाण्याच्या अक्षता लावणारा व्हिन्स व्याह्यापुढे अर्ध्या तासात विरघळला. आयोगाच्या धाकाने एक खिळा ठोकू देणार नाही, म्हणाला, पण कॅझ, तुझ्या शब्दाखातर घाल रॅम्प. करारही एका वर्षाचा दिला. अट एकच. बाईने तक्रार मागे घ्यायची, आणि मालकाची काही चूक नव्हती असं लिहून द्यायचं.

तो कागद घेऊन सोमवारी व्हर्नेटा शुश्रूषागृहात गेली. मिस ओपलीनने तो दोनदा वाचला.

"करू सही?"

"मला सल्ला देता येत नाही, मिस ओपलीन. मी दोन्ही बाजूंची."

"पायाची जखम धुताना माझा हात धरून बसली होतीस ना तू? तेव्हा त्याची बाजू कुठे बसली होती?"

सही करू नका, त्याने चूक केलीय आणि ती मी सिद्ध केलीय, असं व्हर्नेटाला ओरडून सांगायचं होतं. त्याच दमात तिला हेही सांगायचं होतं, की करा सही आणि घरी जा, कारण एप्रिलमध्ये कॅझला मत नाही, फ्लोरिडावाल्याचा भरवसा नाही, आणि महापौरांच्या दोन खुर्च्या रिकाम्याच राहणार आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि तिला एकही बोलायची मुभा नव्हती.

मिस ओपलीनने सही केली. सावकाश, पूर्ण नाव लिहून.

"बावीस वर्षं भाडं भरलं मी," ती म्हणाली. "हक्काने मिळालं असतं तर माझं घर म्हणून आत गेले असते. आता त्याने दया केली म्हणून जायचं. उद्या त्याचं कशावरून बिनसलं, की दया संपली."

"तसं झालं तर नवी तक्रार करता येईल तुम्हाला."

"हो. आणि तू येशीलच कोरम शोधत." तिने कागद परत दिला. "कोपऱ्यावरच्या दुकानातून आभाराचं एक कार्ड आणून दे मला. फुलंबिलं नकोत. साधं."

"कॅझसाठी?"

"कॅझला मी केक करून घालीन. कार्ड टेडेस्कोसाठी. वर्षाने करार पुन्हा त्याच्याच हातात आहे."

व्हर्नेटा गेली. दुकानात आभाराच्या कार्डांची अख्खी भिंत होती, आणि तिच्यापुढे ती बराच वेळ नुसती उभी राहिली. शेवटी एक साधं, पांढरं कार्ड घेऊन परत आली. मिस ओपलीनने पेन उघडलं, पण ते कागदाला टेकेना.

"माझ्याच्याने शब्द निघत नाहीत गं," ती म्हणाली. "काय लिहू, ते तरी सांगशील? का इथेही तू दोन्ही बाजूंची?"

व्हर्नेटाने खुर्ची जवळ ओढली. "लिहा," ती म्हणाली, "आदरणीय मिस्टर टेडेस्को, तुमच्या मोठ्या मनाबद्दल…" आणि पुढचंही सगळं तिनेच सांगितलं.