उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत

एकोणीसशे एकोणसत्तरच्या उन्हाळ्यात सीताबर्डीच्या त्या रस्त्यावर चिनी माणसांची पाच दुकानं होती: जोड्यांची तीन, दातांचं एक आणि एक खानावळ. पाचांचा मिळून एक व्यापारी संघ होता. त्याची कचेरी खानावळीच्या मागच्या खोलीत होती. तिथे सात खुर्च्या, एक टेबल, लाल तोंडाच्या दाढीवाल्या देवाची तसबीर आणि अकरा नियमांची एक काळी पाटी होती. पाटी चिनी अक्षरांत होती. ती तिघांना वाचता येत होती आणि उरलेल्या दोघांना पाठ होती.

संघाने बोलावून घेतलेल्या प्रेमिलाने बसल्या बसल्या खुर्च्या आणि पाटीवरचे नियम मोजून घेतले. ती बी.एस्सी. झाली होती आणि कॉलेजच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. सोबत वडील आनंदराव होते. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून त्यांनी देवांना हात जोडणं सोडलं होतं. पण चिनी माणसं म्हणजे बौद्धच असणार, या हिशोबाने त्यांनी तसबिरीला हात जोडले.

"बाबा, तो जुना सेनापती आहे. व्यापाऱ्यांचा देव," प्रेमिला हळूच म्हणाली.

आनंदरावांनी हात खाली घेतले.

भांडण जोड्यांचं होतं. लिऊशेठ साठीचे होते आणि त्यांचं दुकान रस्त्यावर सगळ्यांत जुनं. चुंग त्यांच्याकडे सहा वर्षांचा असताना आला, त्याचे वडील वारले तेव्हा. त्यांच्याच घरी जेवला, त्यांच्याच हाताखाली शिवण शिकला. आता त्याला स्वतःचं दुकान हवं होतं. बासष्टच्या लढाईनंतर चिनी माणसाला जागा द्यायला कोणी धजत नव्हतं. चुंगने अकरा ठिकाणी विचारलं होतं. बारावे आनंदराव. त्यांनी आपल्या घराची रस्त्याकडची खोली द्यायचं कबूल केलं. गाव सोडून दुसरीकडे जावं तर पोलिसांचा परवाना लागायचा, आणि तो मिळत नव्हता.

खोली लिऊशेठच्या दुकानाच्या ओळीतच होती, आणि लिऊशेठनी संघाकडे तक्रार केली होती.

"सातवा नियम," संघाचे अध्यक्ष, दातांचे हू डॉक्टर म्हणाले. "एकाच धंद्याची दोन दुकानं दोनशे फुटांच्या आत नाही. उंबरठ्याच्या मध्यापासून उंबरठ्याच्या मध्यापर्यंत."

"अन् नाही पाळला तं?" आनंदरावांनी विचारलं.

चुंगच बोलला. "तं कलकत्त्याचं चामडं बंद, काका. तिथले चिनी कारखानदार संघाच्या शब्दावर उधार देतात. चामडं नाही तं मी काय, पुठ्ठ्याचे जोडे शिवू?"

"पण लिऊशेठ, हा तं तुमचाच पोरगा हाये ना गा?"

"पोरगाच आहे," लिऊशेठ म्हणाले. पस्तीस वर्षांत ते नागपुरी शिकले होते, पण वापरत कमी. "उद्या दुसरा कोणी शेजारी दुकान टाकन. त्याले काय सांगू? पोराले सोडलं, तुले नाही सोडत?"

संघातला कोणीही या ना त्या बाजूचा ठरला असता, म्हणून मोजायला बाहेरचं माणूस हवं होतं. प्रेमिला घरमालकाची मुलगी होती, तरी लिऊशेठनीच तिचं नाव सुचवलं. एकदा दुकानात त्यांनी तिच्या पावलाचं माप चुकीचं घेतलं, तेव्हा तिने ते त्यांना पुन्हा घ्यायला लावलं होतं.

तिने कॉलेजातून शंभर फुटी पोलादी टेप आणला. रविवारी दुपारी हू डॉक्टरांनी एक टोक धरलं, तिने दुसरं. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा एकशे सत्त्याऐंशी फूट दहा इंच.

नियमाप्रमाणे हरणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा होता. चुंगने पाजला. कप लहान होते आणि चहा बिनदुधाचा.

"हा चहा हाये का चहाच्या भांड्याचं धुवण?" आनंदराव पुटपुटले. घरी आल्यावर मात्र त्यांचा आवाज चढला. "बारा फुटांसाठी पोराचं दुकान घालवलं! टेप जरासा ढिला धरला असता तं काय झालं असतं वं?"

"ढिला धरला की माप जास्त येते, बाबा."

"मंग मी दुसरं काय म्हणून राहिलो?"

दुसऱ्या दिवशी चुंग खोलीची किल्ली परत द्यायला आला. आनंदरावांनी ती घेतली नाही. त्याने ती खिडकीत ठेवली आणि गेला.

तिसऱ्या दिवशी लिऊशेठनी पुन्हा मोजणी मागितली. तक्रारदाराला एकदा मागता येत होती.

"टेप लोखंडाचा," ते प्रेमिलाला म्हणाले. "उन्हात वाढते, माप कमी दाखवते. येत्या रविवारी सकाळी मोजा."

"काका, त्याने फरक पडेल जेमतेम अर्ध्या इंचाचा. आपल्याला बारा फूट दोन इंच कमी पडताहेत."

"सकाळी मोजा," लिऊशेठ म्हणाले.

त्या दुपारी तिने प्रयोगशाळेत एक आकडेमोड केली. तापमानाने बारा फुटांचा फरक पाडायचा, तर पाच हजार अंशांचा बदल हवा होता. पोलाद पंधराशेलाच वितळतं.

रविवारी सकाळी ती टेप घेऊन पोचली आणि थांबली. लिऊशेठच्या दुकानाचं तोंड अठरा फूट रुंद होतं. चुंगच्या खोलीकडच्या टोकाला दार आणि पुढे सगळं जोड्यांचं काचेचं कपाट, असं ते पस्तीस वर्षं होतं. आता दाराच्या जागी फळ्या ठोकलेल्या होत्या आणि कपाट त्यांना लागून उभं होतं. दार पार दुसऱ्या टोकाला गेलं होतं. उंबरठ्याचं लाकूड जुनंच होतं, त्याच्याभोवतीचं सिमेंट ओलं होतं. लिऊशेठ आत बसून एका जोड्याला पॉलिश करत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

आनंदरावांनी तोंड उघडलं. प्रेमिलाने त्यांच्या पायावर पाय दिला.

"डॉक्टर, मोजायचं कुठून?" तिने विचारलं.

"उंबरठ्यापासून."

"पण उंबरठा..."

"उंबरठा कुठे आहे?"

तिने बोट दाखवलं.

"मग तिथून," हू डॉक्टर म्हणाले आणि टेपचं टोक घेऊन वाकले.

चुंग रस्त्याच्या पलीकडे उभा होता. तो फळ्यांवरच्या नव्या खिळ्यांकडे पाहत होता. खानावळीतून पोऱ्या चहाचे सात कप घेऊन आला. मोजणी अजून सुरू झाली नव्हती.

"कोणी मागवला?" आनंदरावांनी विचारलं.

"लिऊशेठनी. पैसे कालच देऊन ठेवले."

प्रेमिलाने शंभर फुटांवर खडूने खूण केली, टेप पुढे नेला, ताणून धरला आणि वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग तिसऱ्यांदा.

दोनशे फूट दोन इंच.