साडूच्या गाडीपेक्षा उंच

साडूने नवी पिकअप घेतली त्या दिवसापासून काचवाल्याच्या पोटात दुखायला लागलं, आणि ते दुखणं ओव्याने थांबणारं नव्हतं.

साडू म्हणजे त्याच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. शहराबाहेर टेकडीवर त्याची रोपवाटिका होती. गाडी घेऊन तो पहिल्यांदा काचवाल्याच्या दुकानासमोर आला तेव्हा आधी सगळा दरवाजा काळवंडला, मग इंजिनाची घरघर थांबली, आणि मग वरून कुठून तरी साडू खाली उतरला. चार दारं, पुढे-मागे सीटा, छातीएवढा उंच सामानाचा हौदा आणि बैलाच्या खांद्यासारखं बॉनेट. गल्लीतली पोरं गोळा झाली. समोरचा शिंपी कात्री हातात घेऊनच बाहेर आला.

साडूने मिरवलं असतं तर एक वेळ बरं झालं असतं. तोंडावर "वा वा" म्हणून मागे नावं ठेवता आली असती. पण साडू पडला साधा माणूस. "घ्यावी लागली रे," एवढंच म्हणाला, आणि मेव्हणीसाठी आणलेली गुलाबाची दोन रोपं काढून दिली. या "घ्यावी लागली"ने तर काचवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. लोकांना घ्यावी लागते, आणि आम्हाला हवी असून मिळत नाही!

त्यात बायको म्हणाली, "छान आहे हो गाडी, भावजी."

एवढंच म्हणाली. कुणाच्याही गाडीला कुणीही म्हणेल तेवढंच. पण काचवाल्याने ते वाक्य रात्रभर उशीखाली घेऊन झोपायचा प्रयत्न केला आणि त्याला झोप लागली नाही.

आता, त्याला नवी गाडी हवी होती हे खोटं नव्हतं. त्याची जुनी पिकअप खरोखरच शेवटचे आचके देत होती. बसकी, दोन सीटांची, दिसायला अगदीच गरीब. पण तिच्या हौद्याच्या तिन्ही बाजूंचे फाळके खाली पडायचे आणि हौद्यात मधोमध लाकडी घोडी ठोकलेली होती. घोडी म्हणजे तिरपी चौकट. काच कधी आडवी नेत नाहीत. आडवी काच पहिल्याच खड्ड्यात स्वतःच्याच वजनाने तडकते. तिला घोडीला टेकवून उभी न्यायची. मेकॅनिकने या गाडीचं बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि पुन्हा हळूच लावून टाकलं, तेव्हाच सगळे काय ते समजले.

"नवी घ्या," बायको म्हणाली, "पण हौदा माझ्या गुडघ्याच्या फार वर नको. बाकी तुम्हाला हवी ती घ्या."

हे ती उगीच म्हणत नव्हती. त्या दुकानात कामाला दोनच माणसं होती, तो आणि ती. मोठी काच एका माणसाला उचलत नाही. पुढचं टोक तो धरायचा, मागचं ती. आणि हुकूम मागच्याचा, कारण सगळी काच त्यालाच दिसते. "उचला." "चला." "थांबा." काच हातात असताना चौथा शब्द नाही, हा त्यांचा नियम. एकच शब्द आणखी होता, "सोडा". तो ऐकला की दोघांनी हात काढून मागे उडी मारायची, पडत्या काचेला धरायला जायचं नाही. तो शब्द इतक्या वर्षांत कधी वापरावा लागला नव्हता. घरात ती दोघं भांडायची, अबोला धरायची. पण काच उचलली की पावलाला पाऊल जुळायचं. लग्नाचं काय ते सुख काचवाल्याला त्या काचेमुळे मिळालं होतं. फक्त ते त्याच्या लक्षात आलेलं नव्हतं.

शोरूममध्ये तो एकटाच गेला. बायकोला नेलं तर ती गाडी बघेल, अशी त्याला भीती होती.

तिथल्या विक्रेत्या बाईंनी सरळ विचारलं, "काय वाहून नेता?"

"काच."

"मग ही नको तुम्हाला. मागे या, बसकी दाखवते. लांब हौदा आहे, तिन्ही बाजू उघडतात. काचवाले, फर्निचरवाले तीच नेतात."

काचवाल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझ्या साडूला का नाही दाखवलीत मग बसकी? तुमच्याकडूनच नेली ना त्यांनी?"

"रोपवाटिकावाले का? त्यांचा टेकडीचा चढ आहे, चिखल आहे. मातीच्या गोण्या न्यायच्या, शिवाय कामाच्या बायकांना ने-आण करायची. बसकी गाडी त्यांच्या रस्त्याला पोटावर बसली असती."

बाई बिचाऱ्या खरं तेच सांगत होत्या. पण मत्सराने भरलेल्या कानात खरं शिरायला जागा नसते. काचवाल्याने ऐकलं ते इतकंच, की साडू उंच गाडीच्या लायकीचा आणि आपण बसक्या. जन्मभर दुसऱ्यांच्या खिडक्यांची मापं घेणाऱ्या या माणसाने त्या दिवशी खिशातली टेप बाहेरसुद्धा काढली नाही. सीट दाबून बघितली. आरशात स्वतःला बघितलं. हॉर्न वाजवला. मग त्याने एकच प्रश्न विचारला.

"साडूच्या गाडीपेक्षा मोठी आहे का यात?"

होती. साडूच्या गाडीपेक्षा चार बोटं उंच, रंग लालभडक, आणि हौदा मात्र आखूड, कारण मागच्या सीटांनी जागा खाल्ली होती. त्या सीटांवर कोण बसणार, हा प्रश्न त्याला पडला नाही. घरात माणसं दोन.

गाडी दारात आली. गल्लीतली पोरं गोळा झाली. शिंपी कात्रीसकट बाहेर आला. सगळं ठरवल्यासारखं झालं, फक्त बायको पायरीवर उभी राहून हौद्याकडे बघत राहिली. तिच्या खांद्याला लागत होता.

"सवय होईल," काचवाला म्हणाला.

"कुणाला?" तिने विचारलं, आणि ती आत गेली.

पहिलंच काम निघालं ते शिंप्याच्या नव्या दुकानाचं. दर्शनी भागाची काच, पुरुषभर उंच. दोघांनी हातमोजे चढवले, काच धरायचे रबरी कप चिकटवले. "उचला." उचलली. "चला." चालले. गाडीपाशी आल्यावर खरं घोडं अडलं. या गाडीच्या बाजू पडत नव्हत्या, फक्त मागचा फाळका पडत होता, आणि तो पाडल्यावरही हौदा तिच्या छातीएवढा. काचवाल्याने आपलं टोक वर नेलं. तिने टाचा उचलल्या. कोपरं ताठ केली. तरी काच जुन्या गाडीतून काढून आणलेल्या घोडीच्या बुडाशी पोचेना.

"अजून वर घे," तो म्हणाला. काच हातात असताना हा शब्द त्यांच्या नियमात नव्हता.

तिचे हात थरथरायला लागले. काच तिरकी झाली, कोपरा फाळक्याच्या लोखंडाला टेकला, आणि त्या टेकण्याचा बारीक कर्र आवाज तिने ओळखला.

"सोडा!"

दोघांनी हात काढले. दोघं मागे सरकले. काच खाली आली आणि सगळ्या अंगणभर झाली.

आवाज विरला. काचवाला पुढे धावला. गाडीच्या मागच्या कोपऱ्यापाशी वाकला, लाल रंगावरून बोट फिरवलं, थुंकी लावून पुन्हा फिरवलं आणि मोठ्याने म्हणाला, "नशीब! गाडीला काही लागलेलं नाही."

"मी आत जाते," बायको म्हणाली.

त्याने रंग तपासला, फाळका तपासला, चाकांच्या खाचांतले तुकडे एकेक करून वेचले. मग अंगण झाडलं. आत गेला तर ती पिशवी भरून खुर्चीवर बसली होती. "ताईकडे जातेय. भावजींच्या रोपांच्या काचघराच्या काचा बसवायच्या राहिल्यात, थोडे दिवस तिकडेच राहते." तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. साडू! बोलावल्यासारखा हजर! ताई उतरली, साडू उतरला. एकाने पिशवी घेतली, दुसरीने हात धरला, आणि बायको त्या मोठ्या गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसलीसुद्धा. काचवाला दारात उभा राहून बघत राहिला. आपल्या गाडीतही मागे सीट आहे हे ओरडून सांगावंसं वाटलं त्याला.

पुढचे दिवस फार वाईट गेले. शिंप्याच्या दुकानाला काचेऐवजी प्लायवूड ठोकलेलं होतं आणि शिंपी दिसला की काचवाला दुसऱ्या गल्लीने जायचा. एका सुताराला मदतीला बोलावून बघितलं. तो काच लाकडासारखी खांद्यावर घ्यायला निघाला तेव्हा काचवाल्याने हात जोडले. फोन केला तर बायको बोलायची, जेवलात का विचारायची; परत कधी येणार म्हटलं की "बघू" म्हणायची. हे "बघू" त्याला घाबरवत होतं. ती आली नाही तर दुकान बंद पडेल, हे तो उघडपणे स्वतःशी म्हणायचा. ती आली नाही तर आपलं कसं होईल, हे त्याच्या मनात यायचं तेव्हा तो उठून गाडी पुसायचा. आणि पुसता पुसता साडूचा राग यायचा. गाडी त्याची चांगली, चढ त्याचा चांगला, आता माझी बायकोही तिथेच रमली!

शेवटी सिलिकॉनची एक नळी घेऊन तो टेकडीवर गेला. काचघराला लागेल म्हणून, असं निमित्त. खरं म्हणजे त्याला बघायचं होतं.

साडूची गाडी चढावर उभी होती, आणि तिची दशा बघून काचवाला चाटच पडला. चिखलाने माखलेली, दोन्ही बाजूंनी ओरखडे, मागच्या सीटवर रोपांचे ट्रे, हौद्यात फाटक्या गोण्या. ही गाडी कुणी पुसत नव्हतं. बिचारी नुसती राबत होती. आपण जिच्यावर जळलो ती हीच का, असं त्याला वाटलं, आणि तरीही मत्सर काही कमी झाला नाही. कारण तेवढ्यात त्याला आवाज ऐकू आला.

"उचला."

काचघराच्या पलीकडे काच उभी होती. मागचं टोक बायकोने धरलेलं. पुढचं टोक साडूने.

"चला. ... थांबा."

त्याच्याच घरातले शब्द. त्याच स्वरातले. साडू आज्ञाधारक पोरासारखा पाऊल टाकत होता, आणि हळूहळू त्याचं पाऊल जुळतही होतं. याच्यापुढे गाडीचं दुखणं म्हणजे पोरखेळ होता. गाडी साडूने नेली असती, दुकान नेलं असतं तरी चाललं असतं. पण काचेचं ते टोक आपलं होतं. ते दुसऱ्या कुणी धरावं हे त्याला सोसवेना.

काच टेकवून झाल्यावर साडूला तो दिसला. "अरे, ये ये! काय बाई आहे रे तुझी! हिच्या शब्दावर डोळे मिटून चालावं." मग हातमोजे काढत, अगदी सहज, तो म्हणाला, "बरं झालं आलास. उद्या टाके काढायचेत. तू नेतोस तिला की मी नेऊ?"

"कुणाचे टाके?"

साडूने बायकोकडे बघितलं, बायकोने काचेकडे. मग काचवाल्याचं लक्ष तिच्या पायाकडे गेलं. घोट्याच्या वर, पॅंटच्या दुमडीखाली, पांढरी पट्टी होती.

त्या दिवशीची. अंगणातली. तो बोट फिरवून रंग बघत होता तेव्हाची. ती आत जाऊन पायाला फडकं दाबून ताईला फोन करत होती, आणि तो बाहेर चाकांतले तुकडे वेचत होता. साडूला माहीत होतं. ताईला, डॉक्टरला, रोपवाटिकेतल्या बायकांना, सगळ्यांना माहीत होतं. फक्त त्याला नव्हतं.

"सांगितलं का नाहीस?" त्याने विचारलं.

"तुम्ही म्हणालात ना, काही लागलेलं नाही."

"गाडी मी परत देतो. उद्याच देतो. तोटा झाला तरी देतो."

"द्या की," ती म्हणाली. रागाने नव्हे, शेजाऱ्याने त्याची शिडी परत नेतो म्हटल्यावर आपण म्हणतो तशी.

"दुखतंय?"

"आता नाही. तेव्हा दुखलं."

तो पुढे झाला. "भाऊ, द्या ते टोक. मी धरतो," असं म्हणायला त्याने तोंडही उघडलं. पण तिने साडूला खूण केलेली होती. अजून चार काचा बसवायच्या राहिल्या होत्या, ऊन चढत होतं, आणि साडूचं पाऊल नुकतंच कुठे जुळायला लागलं होतं. काचेच्या कामात मधेच माणूस बदलत नाहीत, हे काचवाल्याइतकं कुणाला ठाऊक!

"उचला," ती म्हणाली.

काच उठली. काचवाल्याच्या एका हातात सिलिकॉनची नळी होती, दुसरा रिकामा होता. करण्यासारखं एकच काम शिल्लक होतं. तो गेला आणि त्याने काचघराचं दार उघडून धरलं, पाठ भिंतीला लावून, होईल तेवढा चपटा होऊन. आधी साडू गेला. मग लांबच लांब काच गेली, आणि तिच्यापलीकडून किंचित लंगडत बायको. त्याच्यापाशी आल्यावर तिने त्याच्याकडे बघितलं नाही. काच हातात होती, नजर काचेवरच हवी.

"पाय मागे घ्या," ती म्हणाली, "लागेल."