नवाबसाहेबांचं नवं घर

दत्तोपंत कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले, पण त्यांचा स्वभाव काही निवृत्त झाला नाही. पुराव्याशिवाय ते चहात साखर आहे हेसुद्धा मान्य करत नसत. अशा माणसाचा जिवाभावाचा दोस्त कोण, तर कम्प्युटरमधला बुद्धिबळाचा एक खेळ. समोर पट मांडून बसणारे मित्र एकेक करून गेले, तेव्हा मुलानं, केयूरनं, तो आणून दिला होता. आतल्या न दिसणाऱ्या गड्याचं नाव दत्तोपंतांनी ठेवलं नवाबसाहेब, आणि बारा-तेरा वर्षं रोज संध्याकाळी त्याच्याशी भांडण मांडलं.

यंदा संक्रांतीनंतर उस्मानपुऱ्याचं घर सुटलं आणि मंडळी चिकलठाण्याच्या नव्या सोसायटीत आली. आजूबाजूला आणखी इमारती वर चढत होत्या आणि बोअरचं पाणी खाली खाली जात होतं. लागोपाठचा दुष्काळ. टँकरचा भोंगा वाजला की जिन्यात बादल्यांची झुंबड उडे. दत्तोपंत मात्र येईल त्याला ऐटीत सांगत, "घर बदललं असं मला वाटलंच नाही बुवा! झोप तीच, पाण्याची चवसुद्धा तीच. माणसानं मन खंबीर ठेवावं, बस्स." यमुनाबाई हे ऐकून न ऐकल्यासारखं करत.

आणि वैशाखात कम्प्युटरनं मान टाकली. विंडोज उघडेचना. इंजिनिअरिंगला असलेली नात, मृण्मयी, म्हणाली की एवढ्या म्हाताऱ्या यंत्राला नवं विंडोज पेलणार नाही. तिनं विंडोज काढून त्यात लिनक्स नावाची दुसरी, हलकी प्रणाली घातली. यंत्र तरतरीत झालं, पण नवाबसाहेब काही उठेनात. तो खेळ विंडोजसाठी बनवलेला. लिनक्सच्या घरात त्याला कोणी ओळखतच नव्हतं. दत्तोपंत मात्र संध्याकाळ झाली की चष्मा पुसून त्या पडद्यासमोर जाऊन बसत. आपल्याशी खेळणारं आता कोणीच उरलं नाही, हे त्यांना फार लागलं होतं.

"थांबा आजोबा," मृण्मयी म्हणाली, "वाईन घालून बघते."

यमुनाबाई हातात पळी घेऊनच स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "काय घालतेस?"

"दारू नव्हे गं आजी! प्रोग्रॅमचं नाव आहे."

"दुसरं नाव सुचलं नाही का मेल्यांना?" म्हणत त्या परत आमटीकडे गेल्या.

थोडा वेळ मृण्मयीची बोटं चालली. मग पडद्यावर एक चौकट उघडली, आणि तिच्यात तोच तपकिरी पट, त्याच जाडजूड सोंगट्या! दत्तोपंतांनी खुर्ची पुढं ओढली. पण शिरस्तेदार तो शिरस्तेदारच.

"हा तोच कशावरून? रूप घेऊन कोणीही येईल. ओळख पटली पाहिजे."

ओळख पटवायची खूण त्यांच्याकडे होती. कोपऱ्यातलं प्यादं मोकळं दिसलं की नवाबसाहेबांना राहवत नसे. उंट घेऊन धावायचे, आणि तिथंच उंट अडकवून घ्यायचे. बारा वर्षांत अक्कल आली नव्हती. दत्तोपंतांनी मुद्दाम तसा डाव रचला, कोपऱ्यातलं प्यादं उघडं टाकलं आणि श्वास रोखून बसले. क्षणभर काही हललं नाही. मग उंट सरसरत आला आणि त्यानं प्यादं मटकावलं.

"आले! हावरट मेले, तेच आले!" दत्तोपंत ओरडले, आणि त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी हळूच विचारलं, "त्यांना कळलंय का गं, घर बदलल्याचं?"

"कळूच दिलेलं नाही. खेळ म्हणतो, मला माझा सी ड्राइव्ह द्या, विंडोजमधली माझी सामानाची खोली. लिनक्समध्ये तो नसतोच. मग वाईन एक साधा फोल्डर पुढं करून म्हणतं, हा घ्या. खेळ जुन्या भाषेत जे जे मागतो ते ते वाईन इथल्या भाषेत मागून आणतं आणि त्याच्या हातात ठेवतं. त्याला वाटतं, आपण आपल्या जुन्याच घरात आहोत."

"म्हणजे फसवणूक!"

"फसवणूक कसली? काम तर खरंच होतं ना. जगभरची माणसं वीसेक वर्षं हे करत आलीत, बरीचशी फुकट."

दत्तोपंत थक्क झाले. "पण खेळ काय मागणार, हे त्यांना कळलं कसं?"

"बघून. तो कुठं हात घालतो, काय सापडलं नाही की अडतो, ते बघत बसायचं. मग ती वस्तू तिथं ठेवायची."

"धन्य आहे," दत्तोपंत पुटपुटले. घसा कोरडा पडला होता. पडद्यावरची नजर न काढता त्यांनी डावा हात मागं नेला. तांब्या हाताला लागला. जिथं उस्मानपुऱ्यात लागायचा, तिथंच.

हात तांब्यावरच थांबला. त्यांनी मान वळवून खोली बघितली, बहुधा पहिल्यांदाच. घड्याळ दाराच्या डावीकडे. सदऱ्याचा खिळा पलंगाच्या पायथ्याशी. पलंग भिंतीला न लावता तिरका, कारण एरवी सकाळचं ऊन उस्मानपुऱ्यासारखं त्याच बाजूनं तोंडावर आलं नसतं. ते पाणी प्यायले. वाळ्याचा तोच वास.

"अगं, हे पाणी कुठलं?"

"टँकरचं. दुसरं कुठून आणू?" यमुनाबाई आतून म्हणाल्या. "उकळते, फडक्यानं गाळते, माठात वाळा टाकते."

"टँकरचं पाणी मचूळ असतं म्हणतात. मला कसं लागलं नाही?"

"लागू दिलं नाही."

पन्नास वर्षांचा संसार, आणि हे सगळं घडत असताना आपण मनाच्या खंबीरपणाच्या गप्पा मारत होतो! नवाबसाहेबांचा उंट अडकून पडला होता, मारायचाच बाकी होता. तो तसाच सोडून दत्तोपंत उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल घेऊन बसले.

"भूक लागली का?" यमुनाबाईंनी विचारलं.

"नाही. बघतोय."

"काय मेलं बघायचंय?" त्या पाठमोऱ्या झाल्या आणि आमटी ढवळू लागल्या. ढवळता ढवळता त्यांचा उजवा हात वर गेला, कोऱ्या भिंतीवर टेकला आणि रिकामाच खाली आला. मग त्या वाकल्या आणि खालच्या कपाटातून मिठाची बरणी काढली. उस्मानपुऱ्यात तिथं मिठाची फळी होती. चार महिने झाले तरी हात तिथंच जात होता.

दत्तोपंतांनी उठून त्या कोऱ्या भिंतीवर वीत लावून पाहिली.

"मृण्मयी," त्यांनी मग हाक मारली, "हातोडी कुठं ठेवलीय गं आपण?"