काज आधी, कोट नंतर

माणसाला नुसतं टेकणं किती महागात पडतं, हे त्या शिंप्याला विचारा. सासऱ्यांच्या आरामखुर्चीत तो "जरा टेकतो" म्हणून टेकला आणि खालून कडाड्! उठून बघतो तर त्यांच्या पाइपाचे दोन तुकडे. तंबाखू ओढणं डॉक्टरांनी केव्हाच बंद केलं होतं, पण रिकामा पाइप दिवसभर त्यांच्या तोंडात असायचा. चाळीस वर्षं फुटबॉलचे पंच होते ते. तोंडातली शिट्टी सुटली आणि पाइप आला. तोंड रिकामं राहिलं की त्यांना करमत नसे.

आधीच घरजावई, त्यात हा पराक्रम! सासरे रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी जावयाशी बोलणंच सोडलं. जेवताना जावई हातभर अंतरावर बसलेला, आणि हे लेकीला म्हणायचे, "तुझ्या नवऱ्याला सांग, मीठ इकडे दे."

"बाबा, त्याला ऐकू येतं."

"मग देऊ दे की."

शिंपी अगदी रडकुंडीला आला. वडील त्याने पाहिलेच नव्हते. "गाढवा, दिवा बंद कर" असं हक्काने म्हणणारं माणूस त्याला लग्नानंतर पहिल्यांदा भेटलं होतं. आता भर दुपारी दिवे जळत ठेवले तरी कुणी गाढव म्हणेना. दुकानातून नवा पाइप आणला, तो सासऱ्यांनी न उघडताच डबीसकट खिडकीत ठेवला. तेव्हा यानं ठरवलं, आपल्या हातानं बनवायचा. सुई-कात्रीपलीकडे हत्यार न धरलेला माणूस, पण हौस केवढी!

गल्लीच्या टोकाला एक मावशी पाइप बनवायच्या. केसांत भुसा, कानावर पेन्सिल. त्यांनी फळीवरून लाकडाचे तीन ठोकळे काढून दिले. "झुडपाच्या मुळाच्या गाठी आहेत या. वर्षानुवर्षं वाळवलेल्या. चौथा मागायचा नाही."

पहिला ठोकळा त्यानं दोन दिवस कानशीनं घासला. काय गोलाई, काय दांडीचा बाक! मग ऐटीत भोक पाडायला घेतलं, आणि गिरमिट सरळ दांडीच्या बरगडीतून बाहेर डोकावलं.

"अहो शिंपीबुवा, आधी भोकं! आकार मागाहून!"

"पण मावशी, काज शेवटीच करतात. कोट शिवून झाल्यावर."

"तुमच्या कोटातून कुणी हवा ओढतं का?"

दुसऱ्या ठोकळ्याला भोकं आधी पाडली, पण हात असा काही रंगात आला की तंबाखूच्या वाटीचा तळच गेला. मावशींनी तो ठोकळा डोळ्याला लावला, आरपार त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दुर्बीण छान झालीय हो."

तिसरा मात्र जमला! वाटीच्या बरोबर तळाशी हवेची नळी येऊन मिळाली. शिंप्याला आनंद आवरेना. भुशातच त्यानं एक गिरकी मारली आणि मावशींच्या चहात भुसा पाडला. घरी बायकोला त्याच्या कानात, खिशात, मोज्यांत भुसा सापडत राहिला. "माणूस आहेस की रंधा?" म्हणून ती हसून हसून लोळली.

उरली होती तोंडात धरायची काळी नळी. तिचं टोक दांडीत घट्ट, अगदी तळापर्यंत बसायला हवं. मावशी जेवायला गेल्या होत्या. शिंप्यानं माप घेतलं आणि टोक जरा आखूडच कापलं. कपड्यात जरा जागा सोडलेली बरी असते ना!

मावशी आल्या, पाइप तोंडात धरून त्यांनी हवा ओढली. फुर्रर्र! लख्ख शिट्टी वाजली.

"मेल्या, कापड आहे का हे? आत पोकळी राहिली. आता नवी नळी यायला महिना लागेल."

महिना? त्या अबोल्यात त्याच्याच्यानं एक जेवण निघत नव्हतं! तो पाइप छातीशी धरून त्यानं घर गाठलं आणि तो सासऱ्यांपुढे ठेवला. त्याची बोटं चिरलेली, नखं काळी. सासऱ्यांनी आधी ती बोटं बघितली. मग पाइप उलटासुलटा केला, अंगठ्यानं वाटी चाचपली आणि तोंडात धरला.

फुर्रर्र!

बायकोनं पदर तोंडात कोंबला. शिंप्यानं डोळे मिटून घेतले. संपलं सगळं, त्याला वाटलं.

पुन्हा फुर्रर्र! या वेळी लांबलचक. डोळे उघडून बघतो तर सासरे ताठ उभे, छाती पुढे, एक हात वर, आणि दुसऱ्या हाताचं बोट थेट त्याच्यावर रोखलेलं. गालात पाइप, डोळ्यांत पाणी.

"दांडगाई!" ते गरजले. "एकवीस दिवस मैदानाबाहेर. शिक्षा संपली. ये आत."

शिंपी दोन पावलं पुढे सरकला. तो हसत होता की रडत होता, त्याचं त्यालाच कळत नव्हतं. सासऱ्यांनी स्वतःची आरामखुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"बस. पण गाढवा, आधी खुर्ची बघ."

त्यानं खुर्ची दोनदा चाचपून बघितली, आणि मगच बसला.